तेरावा फोटो

सुनावणीत अधिकाऱ्याने बारा फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं. सगळ्यांत तेच. वाळूत एका अंगाला कलंडलेला लढाईच्या काळातला बंकर, त्याच्या फुटक्या काँक्रीटमधून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या, मागे धुक्यासारखं पांढरं पाणी. बाकी कोरं.

"दर वर्षाचा एक, आणि बारा वर्षांत एकही माणूस नाही," तो अध्यक्षबाईंना म्हणाला. "आणि हे फोटो आमच्या खात्याने काढलेले नाहीत. मागे बसलेल्या यांच्यातल्याच एकीच्या मुलीने काढलेत."

मागच्या बाकावर नऊ बायका बसल्या होत्या. फाटलेली मासेमारीची जाळी शिवणं हा त्यांचा धंदा, आणि त्या बंकरचं छप्पर हे त्यांच्या कामाचं एकमेव छप्पर. तोफेसाठी ठेवलेल्या खाचेतून वारा यायचा, भिंतीतल्या लोखंडी कड्यांना जाळी अडकवता यायची. जागा ओसाड ठरली तर बंकर पाडून तिथे फिरायचा रस्ता होणार होता. वापरात आहे असं ठरलं तर त्याला हात लावता येणार नव्हता.

फोटोवाली उठून उभी राहिली. तिने समजावून सांगितलं की ती भिंगापुढे काळी काच लावते आणि चार मिनिटं कॅमेरा उघडा ठेवते. एवढ्या वेळात जे जागचं हलत नाही तेवढंच उमटतं. लाटांचं धुकं होतं. येणारी-जाणारी माणसं उमटतच नाहीत. बसून करायचं काम आतल्या अंधारात चालतं, बाहेर असते ती नुसती ये-जा.

अधिकारी हसला. "जिवंत माणूस म्हणजे काय मीठ आहे, विरघळायला?"

सभागृहात बरेच जण हसले. अध्यक्षबाईंनी जागेची पाहणी करून पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं.

घरी येऊन फोटोवाली रडली. ज्या कोरेपणाचं लोकांनी कौतुक केलं, तोच आता आईच्या मुळावर आला होता. तिला एक उपाय सुचला. पाहणीच्या दिवशी नऊ जणींनी बंकरपुढे चार मिनिटं निश्चल बसायचं. पापणी लवली तरी चालेल, मान हलवायची नाही. मग सगळ्या उमटतील.

आईने सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं.

"आम्ही पुतळे नाही," ती म्हणाली. "आहोत हे दाखवायला काम सोडून बसायचं? भरती थांबते का आमच्यासाठी? तू काढ तुझा फोटो. आम्ही आमचं करतो."

"अगं आई, मग तू दिसणारच नाहीस."

"न दिसायला मी काय गेलेय कुठे?"

बाकीच्या आठ जणींना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं. त्यांच्यातली सर्वांत काटकुळी, जिला सगळ्या सुतळी म्हणत, ती म्हणाली की चार मिनिटं गप्प बसणं तिला बाळंतपणातही जमलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी अधिकारी चार माणसं घेऊन आला. त्यांनी आधी बंकरभोवती लाल-पांढरा पट्टा ताणून बांधला. मग टेप घेऊन मोजमाप सुरू झालं. अधिकारी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात आकडे ओरडून सांगत होता. बायका पट्ट्याखालून वाकून ओली जाळी आत-बाहेर ओढत होत्या आणि त्याला बाजूला व्हायला सांगत होत्या. कॅमेरा दिसताच तो थबकला.

"मलाही घ्या फोटोत," तो म्हणाला. "पाहणी झाल्याचा पुरावा राहील." आणि टेप ओढत पुढे गेला.

फोटोवालीने काळी काच लावली आणि चार मिनिटं मोजली.

फोटो धुऊन आला तो नेहमीसारखाच. बंकर, सळ्या, धुकं. फक्त पट्टा तेवढा नवा. तिने तो उलटा करून ठेवून दिला. सकाळी पाहिलं तर जागेवर नव्हता. आईने तो पिशवीत टाकला होता.

सुनावणीत आईने तो स्वतः अधिकाऱ्याच्या हातात दिला. फोटोवालीने डोळे मिटले. अधिकाऱ्याला आपलं नशीब खरं वाटेना.

"बघा," फोटो टेबलावर ठेवत तो अध्यक्षबाईंकडे वळला. "पाहणीच्या दिवशीचा फोटो. तरीही कोणी नाही."

"त्याच दिवशीचा कशावरून?" आईने विचारलं.

"हा पट्टा दिसतोय ना? त्याच सकाळी माझ्या माणसांनी बांधलाय. दुपारी जाताना आम्हीच सोडून नेला."

"फोटो निघाला तेव्हा तुम्ही गेला असाल चहाला."

अधिकाऱ्याचा आवाज चढला. आपण कामाच्या वेळात चहाला जात नाही, हे त्याने सगळ्यांना ऐकवलं. फोटो त्याच्या डोळ्यांदेखत निघाला होता. तो आणि त्याची चार माणसं तेव्हा कॅमेऱ्यापुढेच मोजमाप करत होती. हवं तर लिहून घ्या, असंही तो म्हणाला. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

आईने टेबलावरचा फोटो त्याच्याकडे सरकवला. मग ते जुने बारा त्याच्या शेजारी आणून ठेवले.

"मग साहेब, यात तुम्ही कुठे आहात ते दाखवा. तिथेच बाजूला आम्हीही आहोत."