पिवळी गाडी, निळा पट्टा

गाडीवरचं कापड ओढलं आणि इंदुमतीबाई दोन पावलं पुढे आल्या. त्यांचा उदय बारा वर्षांपूर्वी शर्यतीत चालवायचा तश्शीच पिवळी गाडी, तोच निळा पट्टा आणि दारावर त्याचंच नाव. गाडी नवी होती, रंग मात्र लेकाचे होते.

"चोवीस तासांच्या शर्यतीत उद्या उदय आमच्यासोबत पळणार, काकू," टीमचे मॅनेजर निंबाळकर कॅमेऱ्यांकडे बघत म्हणाले. बाईंनी लेकाच्या नावावरून हात फिरवला आणि या माणसाला मनातल्या मनात माफ करून टाकलं. बारा वर्षांपूर्वी बाईंनी उदयला भरून दिलेली सरबताची बाटली, गाडी हलकी हवी म्हणून याच माणसाने काढून ठेवली होती. भर उन्हात, भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत उदयला भोवळ आली, गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला.

सकाळी त्या हार घेऊन गॅरेजमध्ये आल्या, तर गाडी काळीकुळकुळीत. कोपऱ्यात पिवळ्या प्लास्टिकचा चिकट बोळा पडला होता. हल्ली गाडीला रंग देत नाहीत, रंगीत प्लास्टिक पातळ कागदासारखं चिकटवतात आणि सोलून काढतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"फोटोपुरतं होतं ते," निंबाळकर म्हणाले. "शर्यतीत एवढं वजन उगीच कशाला वागवायचं?"

बाईंनी बोळा दोन्ही हातांनी उचलला. भरल्या बाटलीएवढाच जड लागला.

"आता उचललाच आहे," निंबाळकर मागून म्हणाले, "तर जाताना तेवढा डब्यात टाका, काकू."