साउंड कार्डची चाचणी

सामान चोरल्याचा खोटा आळ घेऊन दुकानदाराने भागीदाराला हाकललं होतं. त्या धसक्यानेच भागीदार गेला. आज भरदुपारी त्याची बायको नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर घेऊन आली.

"भावोजी, ह्याला आवाज नाही. बघता का?"

नजर चुकवत दुकानदाराने मेमरीची पट्टी काढून, पुसून परत बसवली, साउंड कार्ड लावलं, ड्रायव्हर टाकला आणि चाचणीचं बटण दाबलं.

स्पीकरमधून खोकला आला. भागीदाराचाच, घसा खरवडणारा.

दुकानदाराने कॉम्प्युटर बंद केला, कार्ड उपटलं, स्पीकरची वायर ओढून काढली. खोकला थांबला नाही. उलट जवळ आला.

"वहिनी, हे काय आहे?"

वहिनी सावकाश उठली. बाहेर जाऊन तिने शटर खाली ओढलं, कुलूप लावलं.

"आला ना आवाज, भावोजी? आता बसा दोघं निवांत बोलत."