बेटावरची पहिली भाडेकरू

पहिली भाडेकरू नावेतून उतरायच्या आधीच भांडायला लागली. "असला हळदीचा रंग कुणी दिला रं घराला? लगीन लावायचंय का त्याचं?"

काठावर रामकिशन नवी किल्ली मुठीत धरून उभा होता. भाडेकरू येणार म्हणून गडी इस्त्रीचा सदरा घालून आला होता. पलीकडच्या चहावाल्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं, लातूरहून कुणीतरी तुझं घर भाड्यानं घ्यायला येऊन राहिलंय. आणि नावेतून उतरली कोण, तर मल्लम्मा. जिचं हे घर होतं ती. जिच्या लेकानं, शिवलिंगनं, गेल्या साली ते रामकिशनला विकून लातूर गाठलं होतं, तीच.

धरणाचं पाणी वाढलं आणि गावाचं बेट झालं, तेव्हापासून जो उठेल तो लातूर नाहीतर नांदेड गाठत होता. शाळा बंद, गिरणी बंद. रामकिशनची जमीनही पाण्यात गेली. मोबदला आला तसा त्यानं शिवलिंगचं घर घेतलं, भाड्यानं द्यायला. गावानं त्याला पार येड्यात काढलं. जिथून माणसं पळून चाललीत तिथं भाडेकरू यायचा कुठून? पण रामकिशनला बेट सोडायचं नव्हतं, आणि इथं राहायचं तर पोटाला काहीतरी पाहिजे होतं. नांदेडच्या लेकानं, दयानंदनं, साफ सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत भाडं सुरू झालं तर ठीक, न्हाईतर दोघंबी गुमान माझ्याकडं या.

कस्तुराबाई, म्हणजे रामकिशनची बायको, केव्हाचीच तयार होती. "लेकाच्या घरी काय कमी हाय? फुकट राहायचं, नातवंडं खेळवायची. इथं कुणासाठी बसायचं?"

मधल्या काळात गिऱ्हाईक म्हणून एकच साहेब येऊन गेले. त्यांना राहायचं नव्हतं, नोकरीच्या कागदाला जोडायला इथं राहतो असं नुसतं लिहून पाहिजे होतं. रामकिशननं त्यांना चहा पाजला आणि परत नावेत बसवलं. दिवाळी तोंडावर आली होती.

आता मल्लम्मा पुढं आणि मालक मागं, अशी वरात घरात शिरली. गाव तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचं, आणि अव्वापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती.

"इथं माझी चूल व्हती. तू मोरी केली."

"मोरी न्हाई अव्वा, बाथरूम हाय. टाइल बसवली."

"हाव, दिसतंय. घसरून पडायची सोय केली."

तिनं खिडकी उघडून बघितली, पंखा लावून बघितला, पत्र्याला कुठं भोक आहे का तेही मान वर करून बघितलं. शिवलिंगच्या वेळच्या बाळंतपणात ज्या कोपऱ्यात तिची बाज होती, तिथं जरा थांबली. मग पदरानं तोंड पुसून सरळ भाड्यावर आली. अशी काही घासाघीस केली की रामकिशनला घाम फुटला. शेवटी जमलं. तिनं पदराची गाठ सोडली, नोटा काढल्या आणि त्याच्यापुढं धरल्या. श्रावणबाळचा पगार होता तो, सरकारकडून म्हाताऱ्या माणसांना येतो तो.

रामकिशनचा हात काही पुढं होईना. ह्याच घरात ही बाई नवरी होऊन आली. हिच्याच ओसरीवर लहानपणी आपण भाकरी खाल्ली. आणि आता हिच्याकडून भाडं घ्यायचं? त्याला लाज वाटली. भाडं घेतलं नाही तर दिवाळीला नांदेड, हेही त्याला कळत होतं. तरी त्यानं तिची मूठ हळूच मागं सारली.

"ऱ्हाऊ दे, अव्वा. घर तुझंच हाय. फुकट राहा."

"म्हंजे झालंच," दारात येऊन उभी राहिलेली कस्तुराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी सामान बांधायला घेते."

मल्लम्मानं नोटा परत पदराला बांधल्या, आपलं गाठोडं काखेत मारलं आणि उंबरा ओलांडून बाहेर आली. नावाड्याला हाक मारायला लागली.

रामकिशन मागं धावला. "अव्वा, काय चुकलं माझं? राहा म्हणूनच सांगून राहिलो ना?"

"तुझं काय न्हाई चुकलं. शिवलिंगचंबी न्हाई. पोरगं गुणाचं हाय, सून दोन घास जास्तच वाढती." तिनं काखेतलं गाठोडं सावरलं. "पाहुणे आले का माझी वळकटी गॅलरीत. पाहुणे गेले का हॉलमधी. नातीची परीक्षा आली का परत गॅलरीत. कुणाला काय म्हणू? फुकट राहून राहिले मी."

कस्तुराबाई दारातच थबकली.

"भाडं घेणार असशील तर मधी येते, रामकिशन," मल्लम्मा म्हणाली. "मग ह्या घरात यायचं तर तुलाबी दार वाजवावं लागंल."

रामकिशन काही बोलायच्या आत कस्तुराबाईनंच पुढं होऊन तिला पदराची गाठ सोडायला लावली आणि भाडं घेतलं.