शेजारून जाणारा

“...तर इस्पितळाचा खालचा मजला एवढाच. जिना आणि वरच्या खिडक्या पुढच्या गुरुवारी सांगते. तोवर जपून राहा,” वाचनताई माइकमध्ये म्हणाल्या आणि लाल दिवा विझायची वाट बघत बसल्या.

काचेच्या अलीकडे कार्यक्रमप्रमुख उभा होता. पुढचा गुरुवार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. यंदा सरकारने रेडिओच्या अनुदानात हात आखडता घेतला होता, आणि त्यातच संचालकांना कॅमेऱ्यांचा नवा स्टुडिओ हवा होता. त्यापायी कोणता कार्यक्रम बंद करायचा, ते त्याच्या गळ्यात टाकलं होतं. सकाळच्या गप्पा बंद केल्या असत्या तर दिवसभर फोन खणखणले असते. त्याने वाचनताईंचं नाव दिलं. डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी त्या आठवड्यातून अर्धा तास बोलायच्या. औषधाच्या खोक्यावर काय छापलंय, बसथांबा कुठे हलवलाय, इस्पितळातल्या टोकनच्या मशीनवर कितवं बटण कशाचं. बंद करण्याचं कारण म्हणून त्याने लिहिलं होतं, ‘श्रोत्यांकडून तक्रारी येण्याची शक्यता नाही.’ काल सही होऊन कागद परत आला, तेव्हा त्या ओळीखाली रेघ मारून संचालकांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला होता.

आज ताईंना सांगायचंच, असं ठरवून तो स्टुडिओत आला होता.

ताई बाहेर आल्या. “कसं झालं रे?”

“छान झालं, ताई.”

“बटणांचं जरा लांबलं. पण एकेकाचा हात धरून न्यायचं म्हणजे घाई करून कसं चालेल?” कागद पिशवीत सारता सारता त्यांनी आवाज खाली आणला. “काय रे, ऐकते ते खरं का? काही कार्यक्रमांवर गदा येणार म्हणे.”

विषय आपणहून निघाला होता. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“अजून तसं काही ठरलेलं नाही,” तो म्हणाला.

“सगळं तुझ्यावर ढकललं असणार त्यांनी. शिव्या खायला तू.” ताईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. तो नवा होता, तेव्हा बातम्या वाचताना श्वास कुठे घ्यायचा हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. “नाटकवाल्या पोरांना तेवढं सांभाळ बाबा. त्यांची चूल यावर पेटते. माझं काय, मला पेन्शन आहे.”

आता तर बोलणं आणखी सोपं झालं होतं. तो टेबलाकडे बघत राहिला.

“गुरुवारी साडेअकरालाच ना? वहीत मांडून ठेव, नाहीतर कोणीतरी स्टुडिओ बळकावेल.”

त्याने वही ओढली आणि त्यांच्यादेखत लिहिलं : गुरुवार, साडेअकरा, वाचनताई. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

ताई गेल्या. रेकॉर्डिस्ट इतका वेळ मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. संचालकांच्या सहीचा कागद त्यानेही वाचला होता.

“शेवटचं वाक्य कापावं लागेल,” कार्यक्रमप्रमुख म्हणाला. “ते पुढच्या गुरुवारचं.”

“कापतो की.” त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. “म्हणजे मी वाक्य कापायचं, आणि ताईंनी घरी रेडिओ ऐकताना समजून घ्यायचं. असंच ना, साहेब?”

कार्यक्रमप्रमुखाने वही मिटली.

“लिफ्ट बंद आहे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “जिन्यातच असतील अजून.”

तो निघाला. सुरुवातीला दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. सांगून टाकू, पायच धरू, ताई रागावतील, मग रागावणं संपेल. एक मजला उतरून त्याने कठड्यावरून खाली पाहिलं आणि तो थबकला.

खालच्या पायऱ्यांच्या मध्यावर ताई उभ्या होत्या. डोळे गच्च मिटलेले, पिशवी छातीशी धरलेली, एक हात कठड्यावर. श्रोत्यांना एखादी जागा सांगायची, तर आधी ती त्या अशीच चालून बघायच्या. उद्या त्या इस्पितळाचा जिना चालून बघणार होत्या, त्याची ही तालीम. चप्पल पुढे सरकवून त्यांनी पायरीची कड चाचपली. पाऊल खाली टेकवलं.

“सहा,” त्या पुटपुटल्या. “सात.”

तो हळूहळू त्यांच्यापर्यंत उतरला. बुटांचा आवाज त्यांना आलाच.

“कोण?” डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही, तशा त्या भिंतीकडे सरकल्या. “या, तुम्ही व्हा पुढे. मला वेळ लागणार आहे.”

त्याने तोंड उघडलं. ताईंनी एक डोळा किलकिला केला असता, तर हाताच्या अंतरावर तो त्यांना दिसला असता. पण या कामात त्या कधी लबाडी करत नसत. पापण्यांवर सुरकुत्या पडतील इतके घट्ट त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि कोण पुढे जातंय ते ऐकायला मान किंचित कलती केली होती.

तो चवड्यांवर आला. पोट आत घेतलं. त्यांच्या पिशवीला धक्का लागू न देता, श्वास रोखून, तो बाजूने खाली उतरला. आणखी एक पायरी. आणखी एक.

“हे सांगायला हवं,” पाठीमागे ताई स्वतःशीच म्हणत होत्या, “की शेजारून जाणाऱ्यानं निदान काहीतरी बोलावं.”