वाण्याची पगडी

आरमारात माणसं कमी पडली की गोरे आमची गलबतं अडवून खलाशी ओढून नेत. म्हणून आमच्या यांच्या, माझ्या खलाशी नवऱ्याच्या, डोक्यावर मी वाण्याची पगडी ठेवली होती.

"हे वाणी आहेत. दर्याची सवय नाही," मी आमच्या गलबतावर चढलेल्या गोऱ्यांच्या दुभाष्याला सांगितलं.

गोऱ्या अधिकाऱ्याने शिडाचा दोर कापला. गलबत कललं. आमच्या वाण्यांनी झेप घेऊन दोर पकडला, खुंटाला बांधला, तेव्हा कुठे त्यांना स्वतःचे हात दिसले.

गोऱ्यांनी त्यांना होडीत ढकललं. आमच्या गलबताच्या तांडेलाने तोफेवरचं गोणपाट ओढलं.

"काका, हे त्याच होडीत आहेत!"

"आज गप्प बसलो तर उद्या गावात पुरुष उरायचा नाही. लढाई पेटली तर पेटू दे. डोळे मीट, पोरी."

त्याने बत्ती दिली.