पहिली बिदागी

बुवांच्या दिवाळं निघालेल्या भांड्यांच्या दुकानाला सील ठोकून कोर्टाचे अधिकारी बुवा-काकूंच्या घरी आले. काकूंनी कीर्तनाची पेटी गोधडीखाली लपवली होती. बुवांनीच गोधडी ओढली.

“हीसुद्धा माझीच. लिहून घ्या.”

“पोटापाण्याच्या साधनाला कायदा हात लावत नाही, बुवा. घर कीर्तनावर चालतं ना?”

“छे, देवाचं नाव विकायचं कसं? घर दुकानावर चालायचं.”

“मग पेटी लिलावात जाणार,” अधिकारी हळहळले.

काकू पुढे आल्या. “दुकान तर गेलं, साहेब. आता कीर्तनाशिवाय यांना दुसरं येतंय काय?”

अधिकारी हसले. “खरंच की. मग राहू दे पेटी. शनिवारी आमच्या मारुतीपुढे कीर्तन करा. बिदागी मात्र घ्यावी लागेल, बुवा.”

नको म्हणायला बुवांनी तोंड उघडलं, तोच काकूंनी पेटीवर सूर धरला.