चंद्रदर्शन

लग्नाला पाच महिने झाले होते. गुरुप्रसाद रोज प्लांटवर जायचा आणि आखातातल्या फहाहीलच्या फ्लॅटवर देवयानी सायरन ऐकत बसायची. लढाई सुरू झाली तशी तिने त्याच्या जिवासाठी संकष्टी धरली.

त्या चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ झाली, पण बिल्डिंगच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, गच्चीला कुलूप लावलं होतं आणि खिडकीतून चंद्र दिसत नव्हता. तिने गुरुप्रसादला फोन केला.

"आम्ही सगळे शेल्टरमध्ये बसलोय. सायरन थांबलाय, पण अजून बाहेर सोडत नाहीत," तो म्हणाला. "तू जेवून घे गं. बाप्पा समजून घेईल."

"चंद्र बघितल्याशिवाय? तुझ्यासाठीच तर उपास आहे."

"सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नसशील."

"नाही. तू बघून सांगितलंस तरी मला चालेल."

"हट्टी आहेस. थांब जरा."

दोन मिनिटांनी मेसेज आला, 'दिसला. जेव आता.' तिने हात जोडले, ताट वाढून घेतलं. दुसरा घास हातात होता तेव्हा खिडक्या हादरल्या.

 

शेल्टरमध्ये बसून राहिलेले बाकीचे अकराही जण सुखरूप होते.